वाशिमची वेलांटी: चित्र-लायब्ररी सोर्समधून बांधताना

वाशिम जिल्ह्यात सहा तालुके आहेत: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा आणि कारंजा. ही सहा नावे एखाद्या प्रोग्रामकडून चित्रावर उमटवून घ्या. प्रोग्रामची चित्र-लायब्ररी अपुरी बांधलेली असेल, तर मालेगाव, मानोरा आणि कारंजा बहुधा ठीक दिसतील. मंगरुळपीरमधला ‘रु’ थोडा अवघडलेला दिसेल. वाशिमचे मात्र ‘वाशमि’ होईल, आणि रिसोडची वेलांटी ‘र’ला सोडून ‘स’ला जाऊन चिकटेल. ज्याने मानोऱ्याचे नाव घालून तपासणी केली, त्याला सगळे बरोबर आहे असेच वाटणार. शाळेच्या पाचशे प्रमाणपत्रांवर मुलांची नावे छापून आल्यावर कुणाच्या तरी लक्षात येणार की जिल्ह्याचे नावच चुकले आहे.

असे का होते? संगणकात मराठी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: व, काना, श, वेलांटी, म. हा क्रम भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतप्रणालीत होता. भारतीय मानक ब्यूरोने 1991 साली इस्कीला मानकाचा दर्जा दिला. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग त्याआधीच्या, 1988 च्या इस्कीवर बेतलेला आहे. हा क्रम शोधायला आणि अकारविल्हे लावायला सोयीचा आहे, पण डोळ्यांना वेलांटी ‘श’च्या आधी दिसायला हवी असते. म्हणजे साठवण आणि रेखाटन यांच्या मध्ये कुणालातरी ती उचलून अलीकडे आणून ठेवावी लागते.

देवनागरी जिच्यातून आली त्या ब्राह्मीत ही अडचण नव्हती. वाशिम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा वाशिम ताम्रपट 1939 साली उजेडात आला. त्याचा काही भाग संस्कृतात आहे, काही प्राकृतात. त्या काळच्या लिपीत इकाराची खूण अक्षराच्या डोक्यावरच बसत असे. पुढच्या शतकांत ती डावीकडे झुकली, खाली उतरली आणि अक्षराच्या अलीकडे उभी राहिली. हाताने लिहिणाऱ्याला त्याचे काही वाटले नाही. यंत्राला मात्र ते मुद्दाम शिकवावे लागले, आणि ते शिकवलेले ज्ञान आपल्या प्रोग्रामपर्यंत पोचते की नाही, हे लायब्ररी कंपाइल करतानाच्या एका पर्यायावर ठरते.

पायथनमध्ये चित्रांचे काम करणारे पुष्कळजण पिलो ही लायब्ररी वापरतात. फ्रेड्रिक लुंध यांनी 1995 च्या सुमारास सुरू केलेली पीआयएल ही तिची पूर्वज. तिचे काम थंडावल्यावर 2010 मध्ये पिलो ही वेगळी शाखा निघाली. पिलो स्वतः अक्षरे काढत नाही. फॉन्टमधून अक्षराची बाह्यरेषा काढून तिचे ठिपके करण्याचे काम फ्रीटाइप करते. फ्रीटाइपला देवनागरी समजत नाही आणि समजावी अशी अपेक्षाही नाही; सांगितलेल्या क्रमांकाचे चिन्ह ती उमटवते, एवढेच. कोणते चिन्ह, कुठे आणि कोणत्या क्रमाने, हे ठरवते हार्फबझ. ती आधी मजकुराची अक्षरसमूहांत फोड करते, वेलांटी अलीकडे घेते, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर पाठवते आणि मग फॉन्टमधल्या तक्त्यांना विचारून जोडाक्षरे बसवते. पिलो आणि हार्फबझ यांची गाठ घालून देते रक्म नावाची तिसरी, छोटी लायब्ररी.

हार्फबझ आजच्या रूपात घडवली ती मूळच्या इराणी बेहदाद इस्फहबोद यांनी. रक्म ओमानमधल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या एका गटातून निघाली आणि इजिप्तच्या खालेद होस्नी यांनी ती वाढवली. अरबी-फारसी अक्षरे एकमेकांना जोडली जावीत म्हणून झटणाऱ्या माणसांच्या कामावर आपली वेलांटी उभी आहे, याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

सगळे सोर्समधून बांधायला बसलो की पहिला पेच समोर येतो. इथे हार्फबझला फॉन्टमधली मापे फ्रीटाइपमार्फत वाचायची असतात. उलट, लहान आकारातली अक्षरे नीट दिसावीत म्हणून फ्रीटाइप त्यांच्या रेषा आपोआप सरळ करते, आणि कोणते चिन्ह कोणत्या लिपीतले हे कळायला तिला हार्फबझची मदत होते. मग आधी कोण? यावरचा रूढ मार्ग असा: पहिल्या फेरीत हार्फबझचा पर्याय स्पष्टपणे बंद करून फ्रीटाइप बांधायची, तिच्या आधाराने हार्फबझ बांधायची, आणि मग तोच पर्याय उघडून फ्रीटाइप पुन्हा बांधायची. नवख्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. मला हे या कामातले सर्वांत शिकवणारे पाऊल वाटते, कारण लायब्ररी म्हणजे एक ठरलेली वस्तू नसते हे इथे हाताला कळते. त्याच नावाची, त्याच आवृत्तीची फ्रीटाइप दोनदा बांधली आणि दोन्ही वेळा तिला येणाऱ्या गोष्टी वेगळ्या निघाल्या.

पिलोच्या पर्यायांत मराठी माणसाने जपावा असा शब्द एकच: रक्म. सोर्समधून बांधताना, पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या पिपला तयार व्हील (आधीच बांधलेले पॅकेज) घेऊ नको असे सांगायचे आणि सेटिंग म्हणून ‘रक्म एनेबल’ द्यायचे. काहीच सांगितले नाही, तर पिलो स्वतः शोधाशोध करते. रक्म सापडली तर घेते, नाही सापडली तर तिच्याशिवाय बिल्ड पूर्ण करते आणि यशस्वी झाल्याचे सांगते. शेवटी कोणती सोय आली आणि कोणती राहिली याची यादी छापली जाते खरी, पण पिप ती झाकून ठेवतो. सविस्तर माहिती मागितली तरच ती दिसते. ‘एनेबल’ लिहिले की वागणूक बदलते: लायब्ररी मिळाली नाही तर बिल्ड तिथेच थांबते.

थांबलेल्या बिल्डचा त्रास होतो. लाल अक्षरांतला संदेश वाचावा लागतो, काय राहिले ते शोधावे लागते. बहुतेक वेळा उत्तर साधे असते. लायब्ररी यंत्रावर असते, पण तिच्या हेडर फाइली नसतात, कारण उबुंटू-डेबियनमध्ये त्या ‘डेव’ शेपटीच्या वेगळ्या पॅकेजात येतात. फ्रीटाइप, हार्फबझ, रक्म आणि रक्मला लागणारी फ्रिबिडी या प्रत्येकीचे ते पॅकेज घातले की गाडी पुढे सरकते. हा अर्ध्या तासाचा त्रास मी आनंदाने पत्करीन. गुपचूप पूर्ण झालेली आणि मराठी न येणारी लायब्ररी पुढे महिनोन्‌महिने चुकीची नावे छापत राहते, आणि ती चूक सापडते तेव्हा कागद लोकांच्या हातात गेलेले असतात.

तयार व्हील घेणाऱ्यांसाठी 8.2.0 या आवृत्तीपासून पिलोने रक्म आतच घालून दिली. मोठी सोय झाली, पण एक खाच राहिली. फ्रिबिडी ही उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठीची लायब्ररी. मराठीला तिची गरज नाही, पण रक्मला आहे. व्हीलमधली रक्म चालू होताना फ्रिबिडी यंत्रावर शोधते, आणि ती नसेल तर रक्मचा मार्गच बंद होतो. पिलो मग साध्या मांडणीवर उतरते आणि वेलांटी पुन्हा भलतीकडे जाते. काटकसरीने बनवलेल्या सर्व्हरच्या प्रतिमांमध्ये फ्रिबिडी हमखास गाळलेली असते. घरच्या लॅपटॉपवर बरोबर आणि सर्व्हरवर चूक, या कोड्यामागे पुष्कळदा हेच कारण निघते. बांधतानाच यंत्रावरची रक्म आणि फ्रिबिडी जोडून घेतल्या, तर पुढे त्यांतली एखादी गायब झाली की पिलोचा अक्षरे काढणारा भाग सुरूच होणार नाही. मला तेच बरे वाटते.

बांधून झाल्यावर पिलोच्या ‘फीचर्स’ या भागाला रक्म आहे का असे विचारता येते; उत्तर हो किंवा नाही येते. त्यावर न थांबता शब्द काढून बघावेत. ‘विद्यार्थी’ हा उत्तम शब्द आहे: वेलांटी सरकते का, ‘द्य’ जुळतो का, रफार ‘थी’वर चढतो का, तिन्ही एकदम कळते. दुसरा शब्द ‘शेतकऱ्यांना’. सोयाबीनच्या या जिल्ह्यात बाजार समितीपासून पीकविम्यापर्यंत कुठलाही कागद या शब्दावाचून पुरा होत नाही, आणि त्यातला ‘ऱ्य’ मराठीचे खास लक्षण आहे. इथे मानोऱ्याचीही सुटका नाही: मूळ नाव बरोबर आले तरी ‘मानोऱ्याला’ लिहिताच अपुरी लायब्ररी उघडी पडते.

पिलोत मजकूर काढताना भाषाही सांगता येते. ती सांगावी, कारण मराठीचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळे आहेत. राज्य शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे ठरवून दिली. अनेक देवनागरी फॉन्टांमध्ये दोन्ही भाषांची रूपे असतात आणि भाषा मराठी आहे असे सांगितले तरच हार्फबझ आपली रूपे निवडते. लोहित या मुक्त फॉन्टमालिकेचे मूळ काम पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने केले आणि रेड हॅटने 2004 मध्ये ते सर्वांना खुले केले. तेव्हापासून लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांना ही अक्षरे ओळखीची आहेत.

भाषा सांगण्याचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. रक्म नसलेल्या पिलोला नुसता मजकूर दिला तर ती निमूटपणे चुकीचे चित्र काढते. त्याच पिलोला भाषेचे ‘एमआर’ हे दोन अक्षरी चिन्ह दिले, तर ती चित्र काढतच नाही. रक्मशिवाय भाषा ठरवता येत नाही, असा त्रुटीसंदेश देऊन प्रोग्राम थांबवते. प्रमाणपत्रे, ओळखपत्रे, पावत्या असे काहीही मराठीत छापणाऱ्या प्रत्येक प्रोग्राममध्ये ही दोन अक्षरे आजच घालून ठेवावीत. पुढे कुणी सर्व्हर बदलला, कुणी लायब्ररी घाईत नव्याने बांधली आणि रक्म मागायला विसरले, तरी पहिल्याच प्रमाणपत्राला काम थांबेल.