सीमोल्लंघन : संसार मांडून केलेले

आज विजयादशमी. नऊ दिवस घटापाशी तेवणारा नंदादीप आज निरोप घेईल. सकाळी घरोघरी शस्त्रपूजन होईल; शेतकरी औताला, सुतार वाकस-पटाशीला आणि विद्यार्थी पाटी-पुस्तकाला हळदकुंकू वाहील. सायंकाळी मंडळी गावाची वेस ओलांडून ईशान्येस जातील, शमीचे पूजन करतील आणि आपट्याची पाने घेऊन परततील. या वेस ओलांडण्यालाच आपण सीमोल्लंघन म्हणतो. पूर्वी राजे या मुहूर्तावर स्वारीस निघत. आज स्वाऱ्या उरल्या नाहीत, पण सीमा उरल्या आहेत. आणि त्या कशासाठी ओलांडाव्यात हा प्रश्नही उरला आहे.

गेल्या नवरात्रात जामनेर येथे कीर्तनसेवेचा योग आला. आठव्या माळेला पूर्वरंगात ऋणविचार मांडला आणि उत्तररंगासाठी पुराणातील आख्यान न घेता सोलापूरच्या डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे चरित्र घेतले. आरती झाली, प्रसाद वाटला गेला, मंडप रिकामा होऊ लागला. तेव्हा पांढरे धोतर नेसलेले एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन बसले. म्हणाले, "बुवा, राग मानू नका. पण बाप गेल्याचे कळूनही जो मुलगा घरी परतला नाही, त्याचे आख्यान तुम्ही व्यासपीठावरून सांगता. हे शास्त्राला धरून आहे काय?"

प्रश्न वरवरचा नव्हता. विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होते. मी त्यांना म्हणालो, "आबा, प्रश्न तुमच्याच घरातला दिसतो." थोड्या वेळाने त्यांनी सांगितले, की मुलगा डॉक्टर आहे, सून परिचारिका आहे, आणि दोघांनी लहानग्या नातवासह आफ्रिकेतील एका निर्वासितांच्या छावणीत दोन वर्षे सेवेसाठी जाण्याचे मनात आणले आहे. आबांचा होकार अद्याप मिळालेला नव्हता. त्या रात्री त्यांच्यापाशी जे बोललो, ते आजच्या दिवशी वाचकांपुढे अधिक विस्ताराने ठेवीत आहे.

आख्यान

प्रथम चरित्र. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात एका मध्यमवर्गीय, मोठ्या कुटुंबात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. तेथील सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ साली सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष होते. त्यांनी देशाला आवाहन केले, निधी जमविला आणि पाच डॉक्टरांचे पथक सिद्ध झाले. डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर सर्वांत वडील, शिवाय डॉ. बसू, डॉ. मुकर्जी आणि आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबई बंदरातून निघाले. कोटणीस तेव्हा अठ्ठाविसाव्या वर्षात होते आणि अविवाहित होते.

चुंगकिंग येथे शांतिनिकेतनच्या चीना भवनाचे प्रमुख तान युन-शान यांनी पाचही जणांना चिनी नावे दिली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस 'के ति-हुआ' झाले. चीनमध्ये पोहोचून थोडेच महिने झाले होते, तोच सोलापूरहून वडील गेल्याची वार्ता आली. परतावे, असे सोबत्यांनी सुचविले तरी कोणी दोष दिला नसता. परंतु ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. बाकीचे चौघे आपापले काम पुरे करून यथाकाल मायदेशी आले. कोटणीस मात्र आघाडीच्या आणखी जवळ, उत्तरेच्या डोंगराळ सीमाभागात गेले.

तेथे त्यांच्या आधी कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांनी सेवा केली होती. शस्त्रक्रियेचे सारे साहित्य खेचरांच्या पाठीवर लादून नेता येईल अशी सोय त्यांनी केली होती, आणि जागा मिळेना तेव्हा एका खेड्यातील लहानशा देवळात जखमींवर शस्त्रक्रिया केल्या होत्या. बोटाला झालेल्या जखमेतून विष भिनून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा अंत झाला. देवळाचा उंबरठा आम्हां कीर्तनकारांना परिचित. परंतु देवासमोर विव्हळणारा मनुष्य आणि त्याच्या उशाशी जागणारा वैद्य, याहून मोठी महापूजा कोणती असेल, हे मला ठाऊक नाही.

बेथून यांच्या नावाने तेथे जे रुग्णालय उभे राहिले, त्याचे संचालकपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. १९४० सालच्या एका दीर्घ लढाईत ते ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया करीत होते आणि ८०० हून अधिक जखमींना त्यांनी तपासले. सुश्रुताचार्यांनी वैद्याच्या १०१ यंत्रांची आणि २० शस्त्रांची गणना केली आहे. आज आपण शस्त्रे पूजतो, तेव्हा शत्रूवर चालणाऱ्या शस्त्राबरोबर मित्राचे प्राण राखणारे हे शस्त्रही पूजास्थानी असावे.

परक्या भूमीवरील प्रपंच

आता ज्यासाठी हे आख्यान निवडले, त्या भागाकडे वळू. सेवेला जाणारा मनुष्य प्रपंच सोडून जातो, अशी आपली समजूत असते. कोटणीसांनी परदेशात सेवा केली आणि त्या सेवेतच संसार मांडला. बेथून रुग्णालयाला जोडून वैद्यकीय विद्यालय होते. तेथे ग्वो चिंगलान या परिचर्या शिकवीत असत. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचा विवाह झाला.

हे घर कसे असेल, याची कल्पना खानदेशी गृहिणीला सहज करता येईल. हेबेई प्रांतातील तो डोंगराळ मुलूख. मातीची घरे, कडाक्याची थंडी. उत्तर चीनमध्ये विटांचा रुंद ओटा बांधून त्याखालून चुलीची धग फिरवितात; दिवसा त्यावर बसावयाचे आणि रात्री निजावयाचे. या ओट्याला तिकडे 'कांग' म्हणतात. कांग नदीच्या काठी राहणाऱ्या जामनेरकरांना हा शब्द ऐकून कौतुक वाटेल. त्या रात्री मंडपातही हसू उमटले होते. अन्न म्हणजे मुख्यतः राळ्याचा भात किंवा पेज. आपल्याकडेही आजीच्या पिढीपर्यंत राळे घरात असत. चोहोबाजूंनी वेढा असल्यामुळे औषधांचा आणि कापडाचा तुटवडा. शत्रूची धाड आली की रुग्णालय, विद्यालय आणि घर यांची एकदमच बांधाबांध.

पती शस्त्रक्रिया करी, पत्नी परिचारिका घडवी. घरात बोलावयाचे ते चिनी भाषेत. कोटणीसांनी ती भाषा बोलण्यापुरतीच आत्मसात केली नाही, तर तिच्यातून ते विद्यार्थ्यांना शल्यशास्त्र शिकवू लागले आणि पाठ्यग्रंथ लिहू लागले. ज्याची सेवा करावयाची त्याची भाषा शिकणे, ही सेवेची पहिली पायरी आहे. आपल्या भाषेत दुसऱ्यावर उपकार करणे सोपे. त्याच्या भाषेत त्याचे दुःख ऐकणे कठीण.

ऑगस्ट १९४२ मध्ये त्यांना पुत्र झाला. सेनापती न्ये रोंगजेन यांनी त्याचे नाव सुचविले 'यिन-हुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. आपल्याकडे बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते. या बाळाच्या आत्या दूर महाराष्ट्रात होत्या, म्हणून दोन देशांनीच मिळून आत्याचे कार्य केले, असे म्हणू या.

परंतु हा संसार फार काळ टिकावयाचा नव्हता. कोटणीसांना अपस्माराचे झटके येत. उपचारासाठी अन्यत्र जाण्याचा सल्ला मिळूनही त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. विवाहाला एक वर्ष आणि दोन आठवडे झाले होते. बाळ साडेतीन महिन्यांचे होते. पाठ्यग्रंथ अपुरा होता.

जुन्या पिढीतील वाचकांना व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा चित्रपट आठवत असेल. चित्रपटाने त्यांना घरोघर पोहोचविले. ज्या वैद्याने देवाधर्माची भाषा वापरली नाही, ज्याने अखेरच्या वर्षी तेथील साम्यवादी पक्षाचे सदस्यत्वही घेतले, त्याला धार्मिक पानावर स्थान का, असे कोणी विचारील. त्यास माझे उत्तर एवढेच, की फळावरून झाड ओळखावे. मतांचा विचार पंडितांनी करावा. आर्तांसाठी झिजलेल्या देहाला नमस्कार करण्यास मतांची आडकाठी नसावी.

शास्त्र काय सांगते

आता आबांचा प्रश्न. बौधायन धर्मसूत्रात समुद्रगमन हे पातकांत गणले आहे आणि पुढे निबंधकारांनी समुद्रयात्रेचा समावेश कलिवर्ज्यांत केला, हे खरे. पण त्याच भूमीतून भिक्षू, व्यापारी आणि पंडित शतकानुशतके बाहेर गेले आणि बाहेरचे येथे आले, हेही तितकेच खरे. जामनेरहून पहूर ओलांडले की अजिंठ्याचे डोंगर दिसू लागतात. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला. त्याने डोंगरातील एका भव्य विहाराचे आणि त्याच्या दाराशी असलेल्या दगडी हत्तींचे वर्णन केले आहे. तो विहार अजिंठ्याचाच असावा, असे अभ्यासक मानतात. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याचे हत्ती आपण पाहिलेच असतील. एक चिनी मनुष्य आपल्या भूमीतून ज्ञान घेऊन गेला. तेराशे वर्षांनी एक सोलापूरकर वैद्य त्याच्या भूमीला देह देऊन आला. ऋण असे फिटत असते.

ऋणांचा विचार तर अधिक सूक्ष्म आहे. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे तैत्तिरीय संहितेत सांगितली आहेत व ती सर्वांस ठाऊक असतात. शतपथ ब्राह्मण मात्र चौथे ऋण सांगते, ते मनुष्यऋण. अतिथीला निवारा देऊन व भुकेल्यास अन्न देऊन ते फेडावयाचे. आबांनी विचारले होते पितृऋणाविषयी. कोटणीसांपुढे एकाच क्षणी पितृऋण आणि मनुष्यऋण ही दोन्ही उभी राहिली होती.

मग पित्याच्या अंत्यसमयी दूर असलेल्या पुत्राला शास्त्र टाकून देते काय? मुळीच नाही. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु पाहावा. मृत्यूची वार्ता उशिरा कळली तर अशौच कसे पाळावे, याचा स्वतंत्र विचार त्यात आहे. त्याला अतिक्रांताशौच म्हणतात. इतर नात्यांत कालांतराने हे अशौच कमी होत जाते. परंतु माता-पित्यांची वार्ता वर्षानंतर कळली, तरी पुत्राने ऐकल्या दिवसापासून दहा दिवस पाळावेत, असा निर्णय आहे. पुत्र दूरदेशी असू शकतो, हे शास्त्रकारांनी गृहीतच धरले होते. त्यांनी त्याला घराबाहेर काढले नाही. अंतर कितीही असो, नाते पूर्ण राहते, एवढेच सांगितले.

घराचे व्रत

तरीही एक गोष्ट शास्त्राच्या पोथीत सापडत नाही, आणि तीच मला आबांना सांगावयाची होती. सीमोल्लंघन करणाऱ्याचे चरित्र आपण गातो. मागे राहिलेल्या घराचे चरित्र कोणी गात नाही. कोटणीसांनी व्रत घेतले, त्याचा अर्धा भार सोलापुरातील आईने आणि भावंडांनी वाहिला. पतीविना बाळ वाढविणाऱ्या चिंगलानबाईंनी उरलेला वाहिला. नियतीने त्यांची परीक्षा पुन्हा घेतली. यिन-हुआ वैद्यकीय शिक्षण पुरे होता होताच १९६७ साली गेला. तरी त्या पुढे अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांत बसल्या, आणि २०१२ साली वृद्धापकाळी त्यांनी देह ठेवला. परदेशीच्या सुनेला या मराठी घराने आपले मानले, हे त्या घराचे सीमोल्लंघन.

आबांना शेवटची एक गोष्ट सांगितली. चीनमध्ये चिंगमिंग नावाचा सण असतो. आपल्या पितृपक्षाप्रमाणे त्या दिवशी लोक पूर्वजांच्या समाधीवर जातात. शिच्याच्वांग या नगरात, बेथून यांच्या जवळच, कोटणीसांची समाधी आहे. त्या सणाला तेथे फुलांची रास पडते. ज्या पुत्राला आपल्या पित्याच्या चितेपाशी उभे राहता आले नाही, त्याला परक्या देशातील लोक पितर मानून फुले वाहतात. पितृऋण फिटले की नाही, याचा निवाडा मी काय करणार? परंतु आबा बराच वेळ स्तब्ध बसून होते. मग उठून म्हणाले, "नातू लहान आहे हो, बुवा." मी म्हणालो, "होय. ते भय खरे आहे. ते मनात दाबू नका, मुलाला मोकळेपणी सांगा. सोय, औषध, परतीची वाट यांची चौकशी करा. होकार द्यावयाचा तर डोळसपणे द्या, नकार द्यावयाचा तरी डोळसपणे द्या." त्यांनी पुढे काय ठरविले, ते मी विचारले नाही.

कौत्साची कथा सर्वांस ठाऊक आहे. गुरुदक्षिणेसाठी त्याने रघुराजाकडे चौदा कोटी सुवर्णमुद्रा मागितल्या. राजाने सगळी रास पुढे केली. कौत्साने लागतील तेवढ्याच घेतल्या. राखून न ठेवणारा दाता आणि अधिक न घेणारा याचक, असे दोघे भेटले म्हणून आजही आपण आपट्याचे पान सोने म्हणून देतो. वाचकहो, आज सायंकाळी सोने वाटताना आपल्या गल्लीतील एखादे असे घर आठवा, की ज्याचा मुलगा, मुलगी, सून वा जावई कुठे दूर, परक्यांच्या सेवेत आहे. त्या घरच्या आई-वडिलांच्या हाती प्रथम पान द्या आणि वाकून नमस्कार करा. वेस ओलांडणाऱ्याइतकेच, वेशीपर्यंत पोहोचवून एकटे माघारी फिरणाऱ्यांचेही हे सोने आहे.