सराफा, शेव आणि स्टॅटिन

इंदूरची सकाळ पोहे-जिलबीने सुरू होते आणि रात्र सराफा बाजारात भुट्ट्याच्या किसावर, हिवाळ्यात तळलेल्या गराडू कंदावर संपते. होळकरांच्या काळापासून इथे रुजलेल्या मराठी घरांतही पोह्यांवर शेव हवीच! टाइप २ मधुमेह असलेल्याने मात्र साखरेइतकाच कोलेस्टेरॉलचा हिशेब ठेवावा.

मधुमेहात बहुधा रक्तातली ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते, चांगले कोलेस्टेरॉल एचडीएल घटते आणि वाईट कोलेस्टेरॉल एलडीएलचे कण बारीक, दाट होतात. रक्तवाहिन्यांना ते अधिक घातक. जिलबी, मैदा आणि तळण कमी केले, डाळी, भाज्या, ओट्स वाढवले, रोज चालले, तर फरक पडतोच.

पण बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करते, त्यात यकृताचा वाटा मोठा. स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी तिथेच काम करते. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या ‘कार्ड्स’ चाचणीत अडीच हजारांहून अधिक मधुमेही होते. रोज 10 मिलिग्रॅम अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनने हृदयविकार-पक्षाघाताचे मोठे प्रसंग 37 टक्क्यांनी घटले. म्हणूनच 40 ते 75 वयाच्या बहुतेक मधुमेहींना आहारासोबत स्टॅटिन सुचवतात.

या गोळीने साखर किंचित वाढू शकते, पण फायदा त्याहून मोठा. स्नायू दुखले तर डॉक्टरांना सांगा. गोळी परस्पर बंद करू नका.