घास अडकतो? भाकरी कुस्करून दिवस काढू नका

"डॉक्टर, भाकरीचा घास छातीत अडकतो, वर पाणी प्यायले की उतरतो," असे सांगणारे रुग्ण दवाखान्यात येतात. खोदून विचारले तर त्रास सहा महिन्यांचा, कधी वर्षाचाही निघतो. आधी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, मग भातावर आले, मग नुसत्या पेजेवर. दुखत नाही म्हणून रुग्ण गप्प आणि वयोमानाने होत असेल म्हणून घरचेही गप्प. हे गप्प राहणेच महागात पडते.

गिळण्याची क्रिया

घास घशाखाली गेला की तो स्वतःच्या वजनाने पोटात पडतो, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. अन्ननलिका ही सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी आहे. घासाच्या मागचा भाग आवळतो, पुढचा सैल होतो आणि ही लाट आठ-दहा सेकंदांत घास जठरापर्यंत नेते. म्हणूनच आडवे पडूनही आपण पाणी गिळू शकतो. नळीच्या खालच्या टोकाला स्नायूंची झडप असते. ती एरवी मिटलेली असते व गिळताना सैल होते. तिला सैल करणाऱ्या सूक्ष्म मज्जापेशी नळीच्या भिंतीतच असतात.

या मज्जापेशी नष्ट झाल्या तर झडप उघडत नाही आणि लाटही नाहीशी होते. या विकाराला 'अकॅलेशिया' म्हणतात. तो वर्षाला लाखात एखाद्यालाच होतो. यात अन्न नळीत साठते. रात्री आडवे झाल्यावर न पचलेले अन्न तोंडात येते, खोकल्याची उबळ येते, छातीत जळजळतेही. त्यामुळे अॅसिडिटी किंवा दमा समजून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. ही चूक आम्हा डॉक्टरांकडूनही होते.

फरक कसा ओळखावा?

आधी फक्त भाकरी, नंतर मऊ भात आणि शेवटी पाणीही अडकू लागले, तर नळीचा मार्ग अरुंद होत असावा. जुन्या आम्लपित्ताच्या जखमेने असे होते, तसेच कर्करोगानेही होते. तंबाखू, मिश्री, विडी व दारू यांनी अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उलट भाकरी आणि पाणी दोन्ही सुरुवातीपासूनच अडकत असतील, तर स्नायूंच्या विकाराची शंका घ्यावी. मात्र हा केवळ अंदाज आहे; निदान तपासणीनेच होते.

पहिली तपासणी दुर्बिणीची. तिने आतून गाठ आहे का ते दिसते व तुकडाही काढता येतो. गाठ नसेल तर बेरियम पाजून एक्स-रे काढतात. अकॅलेशियात नळीचे खालचे टोक पक्ष्याच्या चोचीसारखे निमुळते दिसते. तिसरी तपासणी मॅनोमेट्री. नाकातून बारीक नळी घालून, घोट घोट पाणी पाजून स्नायूंचा दाब मोजतात. ती पुण्या-मुंबईसारख्या मोठ्या शहरांत होते.

उपचार आहेत

१६७४ साली इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी देवमाशाच्या हाडाला स्पंज बांधून अशा रुग्णाचे अन्न खाली ढकलण्याची युक्ती नोंदवली. १९१३ मध्ये जर्मनीच्या अर्न्स्ट हेलर यांनी झडपेचा स्नायू चिरण्याची शस्त्रक्रिया केली. २००८ मध्ये जपानच्या हारुहिरो इनोऊए यांनी तेच काम तोंडातून दुर्बीण घालून, पोटावर छेद न देता केले. ही पद्धत आज भारतातही वापरली जाते. फुग्याने झडप ताणण्याचाही उपाय आहे. मेलेल्या मज्जापेशी परत येत नाहीत. पण वाट मोकळी होते आणि माणूस जेवू लागतो.

वेळेवर येण्याने काय साधते, याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. त्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगितल्यावर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण आधीच्या टप्प्यात येऊ लागले. गिळण्याच्या त्रासालाही हेच लागू आहे.

तेव्हा लक्षात ठेवा: घास अडकणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, वजन घटले, उलटीत रक्त आले किंवा शौच डांबरासारखे काळे झाले, तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. थुंकीही गिळता येत नसेल तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठा. घरातले म्हातारे माणूस भाकरी सोडून पेजेवर आले असेल, तर आज जेवताना त्यांच्याजवळ बसा आणि घास नीट उतरतो का, एवढे विचारा.