नेट्समधले बेहिशेबी चेंडू

उमेश यादवच्या कारकिर्दीचे आकडे नागपूरकरांना तोंडपाठ. नोव्हेंबर 2011 मध्ये दिल्लीत वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी पदार्पण, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. पण सरावात त्याने किती चेंडू टाकले असतील? ते कोणत्याही स्कोअरबुकात सापडणार नाही. स्कोअरबुक सामन्यापुरतं, कंबरेला मात्र जामठ्याच्या स्टेडियमवरचा सामना आणि नेट्स यांतला फरक कळत नाही.

वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय आपटतो, तेव्हा जमिनीकडून त्याच्या वजनाच्या पाचपट किंवा त्याहूनही मोठा धक्का येतो. त्याच क्षणी कणा वाकतो आणि पिळलाही जातो. हाडाला सावरायला वेळ न मिळता हे होत राहिलं, की मणक्याला बारीक चीर जाते. कोवळ्या वयात जास्तच. म्हणून सरावाचा भार अचानक वाढला तर तो वेळीच दिसायला हवा. त्यासाठी खेळाडू जर्सीखाली घट्ट बंडी घालतात आणि तिच्यात, दोन खांद्यांच्या मधोमध, काडेपेटीएवढा सेन्सर बसवलेला असतो.

त्यातला त्वरणमापक म्हणजे सिलिकॉनच्या लवचिक पट्ट्यांवर टांगलेलं सूक्ष्म वजन. शरीराला हिसका बसला की ते सरकतं आणि विद्युतधारिता बदलते. गंमत म्हणजे गोलंदाज स्तब्ध उभा असतानाही हा मापक 9.8 दाखवतो, कारण गुरुत्वाकर्षण काही सुट्टीवर जात नाही. ते वजा करायचं तर सेन्सर किती कलला आहे हे कळायला हवं. ते काम जायरोस्कोपचं. तोही बिनचूक नाही. तापमान बदललं की त्याचा शून्य सरकतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर तो सरकणारच! त्वरणात सेकंदवर्गाला फक्त एक सेंटिमीटरची चूक राहिली, तरी मिनिटभरात जागेचा अंदाज 18 मीटरने चुकतो. म्हणून मैदानावरची जागा उपग्रहाला विचारतात आणि हिसके तेवढे सेन्सरकडून घेतात.

मग सेन्सर थेट मनगटावरच का नको? ताशी 140 किलोमीटरचा चेंडू सोडताना हात सेकंदाला साधारण दोन हजार अंशांच्या वेगाने फिरतो. अनेक स्वस्त जायरोस्कोपांची मर्यादा नेमकी तेवढीच, त्यामुळे ऐन मोक्याला आकडा तिथेच अडकतो. बिनतारी संदेशाचीही अडचण आहे. ब्लूटूथच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरी शरीरातलं पाणी शोषून घेतं. पाठीवरून निघालेला संदेश छातीच्या बाजूला क्षीण होतो. म्हणून नोंदी आधी सेन्सरमध्येच साठवून ठेवणं शहाणपणाचं.

कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ झालं की गोलंदाजी अवैध. ते अशाच सेन्सरने मैदानावर मोजण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलियात झाले. बातम्यांना तेच आवडतं. मला मात्र साधी मोजणी जास्त मोलाची वाटते. शाळा, क्लब आणि जिल्हा अशा तिन्हीकडून खेळणाऱ्या मुलाचे तिन्ही प्रशिक्षक आपापल्यापुरते चेंडू मोजतात. बेरीज कोणी करत नाही.

धाव, उडी आणि धडाचा झटका हा क्रम ओळखून सेन्सर चेंडू मोजतो. सामन्यात तो कधी कधी फसतो, क्षेत्ररक्षकाची जोरदार फेकही चेंडू म्हणून धरतो. नेट्समध्ये फेकाफेकी कमी, म्हणून तिथे तो अधिक अचूक. आणि सामन्यात तसाही स्कोअरर बसलेला असतोच.