मार्गिकांमधील वाट : एका वाहतूक-प्रघाताचा संख्याशास्त्रीय विचार

कॅलिफोर्निया राज्याच्या वाहन-संहितेत २१६५८.१ या क्रमांकाचे एक आखूड कलम आहे. थांबलेल्या अथवा चालत्या वाहनांच्या रांगांमधून दुचाकी मोटारसायकल चालविणे म्हणजे ‘लेन-स्प्लिटिंग’, अशी व्याख्या ते देते. या विषयावर प्रबोधनपर सूचना तयार करण्याचा अधिकार राज्याच्या महामार्ग पोलीस दलास देते. आणि तेथेच थांबते. ही गोष्ट कोणत्या वेगापर्यंत करावी, कोणत्या रस्त्यावर करू नये, याविषयी त्यात एक अक्षर नाही. किंबहुना ती ‘करण्यास परवानगी आहे’ असेही ते स्पष्ट शब्दांत म्हणत नाही. केवळ व्याख्या करून कायद्याने एका जुन्या प्रघातास मान्यता दिली, असा हा काहीसा विलक्षण प्रकार आहे. या प्रघाताच्या सुरक्षिततेविषयी जे आकडे नेहमी उद्धृत केले जातात, ते नेमके काय सांगतात व काय सांगू शकत नाहीत, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम प्रत्यक्ष परिस्थिती. अमेरिकन फ्रीवेवरील मार्गिका साधारणतः १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६६ मीटर रुंद असते. मोटारीची रुंदी, बाजूचे आरसे धरून, दोन मीटरांच्या आसपास असते. दोन मोटारी आपापल्या मार्गिकेच्या मध्यावरून चालल्या असता त्यांच्या दरम्यान दीड मीटरांहून किंचित अधिक जागा उरते. मोटारसायकलच्या दांड्याची रुंदी ऐंशी-नव्वद सेंटिमीटर धरल्यास दोन्ही बाजूंस फार तर हातभर मोकळीक राहते. लॉस अँजेलिसच्या अथवा सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरातील फ्रीवे सकाळ-संध्याकाळ तुंबतात, तेव्हा मोटारसायकलस्वार याच फटीतून पुढे जातात. बहुधा ते सर्वांत डावीकडील दोन मार्गिकांमधली फट पसंत करतात. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालत असल्याने फ्रीवेवर येणारी-जाणारी वाहने सामान्यतः उजवीकडून शिरतात व उजवीकडेच बाहेर पडतात. डावीकडे आडवी हालचाल त्या मानाने कमी असते.

ही पद्धत तेथे अनेक दशके चालू होती. कायद्याने तिला मनाई नव्हती व स्पष्ट संमतीही नव्हती. २०१३ साली महामार्ग पोलीस दलाने स्वारांसाठी काही मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. आसपासच्या वाहतुकीपेक्षा ताशी १० मैलांहून अधिक वेगाने जाऊ नये, आणि वाहतूकच ताशी ३० मैल अथवा त्याहून वेगाने चालली असेल तर फटीत शिरू नये, असे त्यांत होते. रीतसर प्रक्रियेवाचून नियम केल्याचा आक्षेप आल्यामुळे २०१४ मध्ये त्या मागे घ्याव्या लागल्या. पुढे विधानसभा सदस्य बिल क्वर्क यांनी ५१ क्रमांकाचे विधेयक आणले. हे गृहस्थ शिक्षणाने खगोलभौतिकीतले, ही गोष्ट जाता जाता नमूद करावीशी वाटते. विधेयकाच्या एका टप्प्यावरील मसुद्यात वेगाच्या मर्यादा होत्या. अखेरच्या रूपात त्या गळाल्या. १९ ऑगस्ट २०१६ रोजी राज्यपाल जेरी ब्राउन यांची स्वाक्षरी झाली व १ जानेवारी २०१७ पासून कलम अमलात आले. पोलीस दलाच्या नव्या सूचना २०१८ मध्ये निघाल्या. त्यांत वेगाचे आकडे नाहीत.

मधल्या काळात, २०१५ साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील वाहतूक-सुरक्षा संशोधन केंद्राचा अहवाल प्रसिद्ध झाला. टॉमस राइस व त्यांचे सहकारी यांनी जून २०१२ ते ऑगस्ट २०१३ या काळातील मोटारसायकल-अपघातांची माहिती त्यासाठी वापरली. अपघातस्थळी पोलिसांकडून एक पुरवणी तक्ता भरून घेतला होता. एकूण ५,९६९ अपघातग्रस्त स्वारांपैकी ९९७ स्वार अपघाताच्या वेळी रांगांमधून चालले होते. या ९९७ स्वारांची उरलेल्यांशी तुलना केली असता असे दिसले की, डोक्यास इजा होण्याचे प्रमाण पहिल्या गटात ९.१ टक्के, तर दुसऱ्यात १६.५ टक्के होते; धडास इजा होण्याचे अनुक्रमे १८.६ व २७.३ टक्के, आणि मृत्यूचे १.२ व ३.० टक्के. मागून दुसऱ्या वाहनाची धडक बसण्याचे प्रमाणही पहिल्या गटात कमी होते : २.६ टक्के, विरुद्ध ४.६. याउलट स्वाराने स्वतः पुढील वाहनावर मागून आदळण्याचे प्रमाण ३८.४ टक्के निघाले. इतरांत ते १५.७ होते.

या आकड्यांचे पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. समर्थकांनी १.२ आणि ३.० ही जोडी उचलली व ‘रांगांमधून जाणे अडीचपट सुरक्षित’ असा निष्कर्ष मांडला. विरोधकांनी ३८.४ हा आकडा उचलला व नेमके उलटे म्हटले. आमच्या विभागातील चर्चासत्रांतही पहिले विधान एकाहून अधिक वेळा सिद्धवत् मांडले गेलेले प्रस्तुत लेखकाने ऐकले आहे. वस्तुतः दोन्ही निष्कर्ष या सामग्रीतून निघत नाहीत. आणि कोणाही पोलीस अधिकाऱ्याने अथवा आमदाराने ते खरे धरून नियम केला, तर त्या चुकीचे मोल स्वारांच्या जिवाने मोजले जाईल.

कारण साधे आहे. नमुन्यातील प्रत्येक स्वार अपघातग्रस्त आहे. ‘अपघात झालाच, तर तो किती गंभीर?’ या प्रश्नाचे उत्तर ही सामग्री देते. ‘अपघात होण्याचा संभव किती?’ हा प्रश्न निराळा असून त्याच्या उत्तरासाठी छेद लागतो : एकूण किती स्वार, किती अंतर, रांगांमधून गेले? तो छेद येथे नाही, आणि अहवालाच्या कर्त्यांनी ही मर्यादा स्वतःच मान्य केलेली आहे. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, सारख्याच अंतराच्या प्रवासात मार्गिकेत राहणाऱ्यांचे ४० अपघात होतात व रांगांमधून जाणाऱ्यांचे १००. पहिल्यांतील ३ टक्के म्हणजे १.२, आणि दुसऱ्यांतील १.२ टक्के म्हणजेही १.२. अपघातांची वारंवारता अडीचपट असली की मृत्यूंची संख्या समसमान होते. ती दीडपट असेल तर रांगांमधून जाणे श्रेयस्कर. चौपट असेल तर घातक. ती दीडपट की चौपट, याविषयी बर्कलीचा अहवाल मूक आहे, आणि त्याने मूक असणे हेच शास्त्रीय प्रामाणिकपणास धरून आहे.

दुसरी अडचण गटांच्या घडणीची. रांगांमधून जाणारे स्वार कामाच्या दिवशी, कचेरीच्या वेळी प्रवास करणारे अधिक होते. त्यांची शिरस्त्राणे अधिक चांगल्या प्रतीची होती. मद्यपानाचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. मागे दुसरी व्यक्ती क्वचितच बसलेली होती. आणि त्यांचा वेगही कमी होता. सकाळी आठ वाजता कामावर निघालेला मनुष्य आणि शनिवारी रात्री घाटातील वळणे घेणारा मनुष्य यांच्या जखमांतील फरक हा फटीचा गुण मानावा की मनुष्याचा? काही अंशी तो दोहोंचा असेल. परंतु केवळ टक्केवारी शेजारी मांडून तो वाटा वेगळा काढता येत नाही.

येथे एका जुन्या अभ्यासाची आठवण करून देणे उपयुक्त ठरेल. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांनी लॉस अँजेलिस परिसरातील ९०० मोटारसायकल-अपघातांची प्रत्यक्ष स्थळी जाऊन तपासणी केली व १९८१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. मोटारचालकास मोटारसायकल वेळीच न दिसणे हे अपघातांचे मोठे कारण आहे, हा त्यांचा निष्कर्ष सर्वश्रुत आहे. त्या मानाने त्यांच्या पद्धतीकडे लक्ष कमी जाते. ९०० पैकी ५०५ स्थळी त्यांचे सहकारी पुन्हा गेले. आठवड्याचा तोच वार व दिवसाची तीच वेळ साधून, तेथून सुखरूप जाणाऱ्या २,३१० मोटारसायकलींची व त्यांच्या स्वारांची माहिती त्यांनी जमविली. म्हणजे ज्यांस अपघात झाला नाही त्यांचीही गणना केली. तुलनेचा छेद मिळविण्याचा हा मार्ग कष्टाचा आहे खरा, पण त्यावाचून धोक्याविषयी बोलता येत नाही.

मग बर्कलीच्या अहवालाचे मोल काय? माझ्या मते ते १.२ व ३.० या जोडीत नसून रांगांमधून जाणाऱ्या ९९७ स्वारांच्या आपापसातील तुलनेत आहे. या स्वारांपैकी सुमारे ६९ टक्क्यांचा वेग आसपासच्या वाहतुकीहून फार तर ताशी १५ मैलांनी, म्हणजे सुमारे २४ किलोमीटरांनी, अधिक होता. या मर्यादेपर्यंत वेगातील फरकाचा इजांच्या प्रमाणाशी संबंध दिसला नाही. तीपलीकडे मात्र प्रत्येक प्रकारच्या इजेचा संभव वाढला. वाहतुकीचा स्वतःचा वेग ताशी ५० मैलांच्या, म्हणजे ८० किलोमीटरांच्या, वर गेल्यावरही चित्र बिघडत गेले. अशा दोन निरनिराळ्या मर्यादा का याव्यात, हे थोड्या गणिताने उलगडते.

शेजारच्या मोटारीने अकस्मात फटीत वळावयास आरंभ केला असे समजा. स्वाराने आपला वेग त्या मोटारीच्या वेगाइतका उतरविला की धडक टळते. तेव्हा येथे प्रश्न सापेक्ष वेगाचा आहे. फरक ताशी २४ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ६.७ मीटर धरू. भानावर येऊन ब्रेक दाबावयास दीड सेकंद लागतो व त्यानंतर मंदन सेकंदास ६ मीटर प्रतिसेकंद मिळते असे मानू. पहिल्या दीड सेकंदात स्वार मोटारीच्या दिशेने सुमारे १० मीटर सरकतो व ब्रेक लागल्यावर आणखी पावणेचार. एकूण सुमारे १४ मीटर, म्हणजे तीन मोटारींची लांबी. फरक दुप्पट, म्हणजे ताशी ४८ किलोमीटर केला, तर हेच अंतर २० अधिक १५, असे ३५ मीटर होते. ब्रेकचा भाग वेगफरकाच्या वर्गाने वाढतो. म्हणून दुप्पट घाईची किंमत अडीचपट जागेने द्यावी लागते. आणि दाटीच्या रांगेत सात मोटारींपलीकडील चाकाची हालचाल स्वारास दिसतच नाही. वाहतूक २० च्या वेगाने चालली आहे की ७० च्या, याचा या हिशेबाशी संबंध नाही. तो संबंध येतो धडक टळली नाही तर : पडलेला स्वार जमिनीवर आपटतो तो सापेक्ष नव्हे, पूर्ण वेगाने. एक मर्यादा अपघात टाळण्याची आणि दुसरी टळला नाही तर वाचण्याची, असे या दोन आकड्यांचे नाते लावता येईल.

इतर कायदेमंडळांनी यांपैकी कोणती बाजू धरली हेही पाहावे. युटा राज्याने २०१९ मध्ये केवळ थांबलेल्या वाहनांमधून, ताशी १५ मैलांच्या आत पुढे सरकण्यास मुभा दिली, तीही ४५ मैलांपर्यंत वेगमर्यादा असलेल्या रस्त्यांवरच. फ्रान्सने २०१६ पासून काही विभागांत प्रयोग केले व जानेवारी २०२५ पासून ही रीत नियमांत आणली : सर्वांत डावीकडील दोन मार्गिकांच्या मधून, ताशी ५० किलोमीटरांच्या आत, आणि एखादी रांग थांबलेली असल्यास ३० च्या आत. ही अखेरची अट मला विशेष मार्मिक वाटते. सर्व रांगा थांबल्या असता मोटारीस वळावयास जागा नसते. सर्व सारख्या चालल्या असता वळण्याचे कारण नसते. एक थांबलेली व शेजारची चालती, हाच क्षण चालकास रांग बदलण्याचा मोह पाडतो.

बेल्जियममधील लव्हन ते ब्रसेल्स या रस्त्याच्या प्रतिमानावरून इसाक युपरमान यांनी २०११ मध्ये दाखविले होते की, दहा टक्के मोटारचालक मोटारसायकलींकडे वळल्यास कोंडीत वाया जाणारा वेळ ४० टक्क्यांनी घटेल. वेळेचा हा लाभ मोटारीत बसणाऱ्यांसही मिळतो, हे विरोधकांच्या सहसा ध्यानी येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कसा लागू करावा? माझे उत्तर असे की, जवळजवळ लागू करूच नये. भारतात नोंदणी झालेल्या वाहनांत दुचाकींचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक आहे. पुण्याच्या रस्त्यावर दुचाकी हा रांगांमधला अपवाद नसून तीच वाहतूक आहे, आणि मोटारीच तिच्यातून वाट काढतात. ‘मार्गिकांमधून’ या शब्दाला अर्थ येण्यासाठी आधी मार्गिका पाळल्या जाव्या लागतात. जेथे त्या बऱ्याच अंशी पाळल्या जाव्यात अशी अपेक्षा आहे, त्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर दुचाकीस प्रवेशच नाही. सबब कॅलिफोर्नियातील १.२ टक्क्यांचा आकडा सिंहगड रस्त्यावरच्या वादात उपयोगी पडणार नाही. हर्ट यांची पद्धत मात्र पडेल.

राहिलेली गणना कठीण आहे हे खरे. एकच स्वार अर्धा मैल फटीतून जातो, मग रांगेत शिरतो, पुन्हा बाहेर येतो. म्हणून स्वार मोजून भागत नाही, फटीतून काटलेले अंतर मोजावे लागते. पुलावर बसविलेला कॅमेरा एकच बिंदू पाहतो. परंतु अपघाताच्या स्थळी, त्याच वारी व त्याच वेळी तो लावला तर तो बिंदूही पुरेसा ठरू शकेल. त्यात प्रत्येक दुचाकीबरोबर दोन्ही शेजारच्या रांगांचा वेग टिपला पाहिजे. नाहीतर २४ किलोमीटरांचा फरक ठेवणारा आणि ४८ चा ठेवणारा, असे दोन्ही स्वार एकाच रकान्यात जाऊन पडतील.