पवईची जलपर्णी आणि हौदाचे गणित

मुंबईस पिण्याचे पाणी मिळावे म्हणून पवई तलाव १८९१ च्या सुमारास बांधण्यात आला. परंतु त्याचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही. आज त्यावर जलपर्णीचे हिरवे आच्छादन पसरते व काढून टाकले तरी पुन्हा वाढते. असे का व्हावे, ह्याचा उलगडा प्राथमिक शाळेतील हौदाच्या उदाहरणाने होतो.

शेतातील पिकास पोसणारी नत्र व स्फुरद ही द्रव्ये पाण्यातील वनस्पतींसही पोसतात. मैला, सांडपाणी, गोठ्यांतील शेण ह्यांवाटे ती पाण्यात येतात. त्यामुळे शेवाळ व जलपर्णी बेसुमार माजतात. पुढे त्या कुजू लागल्या, की कुजविणारे सूक्ष्मजंतू पाण्यातील प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. ह्यास अतिपोषण म्हणतात.

हौदात आलेल्या पाण्यातून गेलेले पाणी वजा केले म्हणजे शिल्लक कळते. शास्त्रज्ञ स्फुरदाचा असाच हिशेब मांडतात. गाळात बसणारा भाग तेवढा निराळा धरतात. ह्या मांडणीस गणिती प्रतिमान म्हणतात. समजा, एका नाल्यातून दर सेकंदास ५०० लिटर पाणी वाहते व प्रत्येक लिटरमध्ये २ मिलिग्रॅम स्फुरद आहे. म्हणजे सेकंदास १ ग्रॅम. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८६ किलोग्रॅमांहून अधिक! शिवाय तळाशी प्राणवायू संपला, की गाळात साठलेले स्फुरद पुन्हा पाण्यात उतरते. म्हणून नुसती जलपर्णी उपसून भागत नाही. घाण आणणारा नळच बंद करावा लागतो.

नदीतील प्राणवायूचा असा हिशेब स्ट्रीटर व फेल्प्स ह्यांनी १९२५ साली अमेरिकेतील ओहायओ नदीसंबंधी मांडला. मिठी नदीचे गणित अधिक कठीण आहे. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांपासून निघून ती माहीमच्या खाडीस मिळते. तेथे दिवसातून दोनदा येणारी भरती वाहून गेलेली घाण पुन्हा आत लोटते. मुलुंड-घाटकोपरकडील नाले ज्या ठाणे खाडीस मिळतात, तेथेही हाच प्रकार घडतो. ह्याच खाडीतील रोहित पक्ष्यांच्या अभयारण्याचा २०२२ साली रामसर यादीत समावेश झाला.

कोणता नाला आधी अडविला असता पाणी किती सुधारेल, हे पैसा खर्ची पडण्यापूर्वी ताडून पाहता येणे, हा प्रतिमानाचा खरा उपयोग होय. मात्र मोजमाप चुकले तर उत्तरही चुकते.

शिक्षकांनी वरील उदाहरण वरच्या वर्गांत फळ्यावर सोडवून घ्यावे. मुलांना नाल्याच्या काठी नेऊ नये. गणित वर्गातच पुरे होते. हौदाचे उदाहरण केवळ परीक्षेपुरते नसून आपल्या गावच्या पाण्याचे आहे, हे मुलांस उमगले म्हणजे पाठाचा हेतू साधला.