कोयनेच्या धक्क्यांच्या नोंदी

पाटणकरांना ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवून द्यावी लागत नाही. पण त्या भूकंपाच्या आधीही, धरणात पाणी साठू लागल्यापासून, कोयनेच्या परिसरात लहान धक्के बसत होते आणि ते नोंदणारी यंत्रे तेथे बसविली होती. धक्क्यांची नोंद एकीकडे, तलावाच्या पातळीची दुसरीकडे. दोन्ही तारीखवार शेजारी ठेवल्या, तेव्हा संशोधकांना दिसले, की पावसाळ्यात तलाव भरला की मागोमाग धक्के वाढतात. प्रत्येकाने आपले दप्तर कुलपात ठेवले असते, तर हे कळते कसे?

नुसते आकडे देऊनही भागत नाही, बरं का! यंत्र कोणते, कोठे बसविले, घड्याळ कशाशी जुळविले, हे सोबत लिहावे लागते. भूकंपाची पहिली लाट खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. घड्याळ एक सेकंद चुकले, तर धक्क्याचे ठिकाण काही किलोमीटर सरकते. म्हणून मूळ नोंद खोडायची नाही. दुरुस्ती वेगळी लिहायची आणि एक प्रत दुसऱ्या गावी ठेवायची. कागदाच्या गुंडाळ्या जाऊन संगणक आले, तरी रीत हीच.

गुरुजी, आपल्या शाळेत पर्जन्यमापक असेल, तर वही उघडून पाहा. वेधशाळा पाऊस सकाळी साडेआठला मोजते. आपल्या वहीत वेळ लिहिली आहे का?